मांडीचं माप

आमच्या धंद्यात माप माणसाला बसवून घ्यायचं असतं. उभ्या माणसाची मांडी वेगळी, बसलेल्याची वेगळी. बसला की माणूस पसरतो. उभं करून माप घेतलेली ट्रॅक्टरची गादी पहिल्याच हंगामात कडेने उसवते, आणि गिऱ्हाईक परत येतं ते हातात गादी आणि तोंडात शिव्या घेऊन.

आदिलाबादला आमचं सीट-कव्हरचं दुकान आहे. मोटारसायकल, ऑटो, जीप, ट्रॅक्टर, जे येईल ते. मागच्या बाजूला दोन खोल्या, तिथेच आम्ही राहतो. लग्न होऊन आले तेव्हा मला सुईत दोरा ओवता येत होता, एवढंच. बाकी सगळं ह्यांनी शिकवलं. फक्त एक गोष्ट मी त्यांच्याकडून घेतली नाही. हे टेप वापरत नसत. टेप गळ्यात असायची, पण माप घ्यायचे वितीने, बोटांनी, आणि मोटारसायकलची सीट असेल तर स्वतःच्या मांडीने. सीटवर बसायचे, मांड्या आवळायचे, उतरायचे, खडूने रेघ मारायचे. मी म्हणायची, "टेप काय शोभेले घातली?" ते म्हणायचे, "गिऱ्हाइकाले बरं वाटते. डॉक्टरच्या गळ्यात नसते का ते नळी?" मी मात्र टेपेशिवाय कात्री उचलत नाही. त्यांचं माप चुकलेलं मी कधी पाहिलं नाही, म्हणून हा वाद आमच्यात कधी मिटला नाही.

आमची एकुलती एक मुलगी बांध्याने बापावर गेली. उंच, हाडापेराने रुंद, मांड्या भक्कम. कॉलेजात असताना ती खुशाल त्यांच्या पँट घालून जायची. कमरेला पट्टा आवळायचा, मांडीला मात्र शिवून घेतल्यासारखी बसायची. मी चिडायची. हे खूश व्हायचे. "पाह्य, टेप लागली का?"

पुढे शासनाच्या एका योजनेत तिचा नंबर लागला आणि ती महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये विमान शिकायला गेली. आमच्या वस्तीत ज्या बाईने हे ऐकलं तिने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे एअर होस्टेस का?" मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "नाही. ड्रायव्हर."

ती गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरता सरता, ह्यांचं पोट दुखायला लागलं. इथल्या दवाखान्यातून नागपूरला पाठवलं. नागपूरच्या डॉक्टर बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. पोटात गाठ आहे, पसरली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही, महिन्यांत मोजा. आम्ही दोघांनी समोरासमोर बसून ऐकलं. बाहेर बाकावर आल्यावर ह्यांनी पाण्याची बाटली उघडली, आधी मला दिली, मग स्वतः प्यायले.

"पोरीले सांगायचं नाई," म्हणाले.

"कधीपर्यंत?"

"तिचं ते लांबचं उडणं होऊ दे. मंग सांगू."

परवाना मिळायच्या आधी विमान शिकणाऱ्यांना एक मोठं उड्डाण एकट्याने करावं लागतं. शेजारी शिकवणारा बसत नाही. दुसऱ्या दोन विमानतळांवर जाऊन उतरायचं आणि आपल्या ठिकाणी परत यायचं. तिची पाळी दिवाळीनंतर होती. मला ह्यांचं म्हणणं पटलं. डोक्यात बापाचं मरण घेऊन कोणी एकट्याने विमान चालवू नये. ट्रकसुद्धा चालवू नये. त्याआधीच काही झालं तर, असं मी विचारलं. "नाई होत," म्हणाले, जसं काही ते त्यांच्या हातात होतं.

तिला आम्ही अल्सर सांगितला. तिखट बंद, आराम करायला सांगितलाय, बस. व्हिडिओ कॉल आला की मी नेट येत नाही म्हणायची. गाल आत गेले ते दिसू नयेत म्हणून ह्यांनी दाढी वाढवली. कधी फोटो मागितला तर जुना पाठवायचा. दुकानात येणारे ऑटोवाले मला विचारायचे, "अक्का, अण्णाला काय झालं?" त्यांनाही मी अल्सरच सांगायची. एकदा खोटं ठरवलं की ते सगळीकडे एकाच मापाचं असावं लागतं.

दिवाळीच्या थोडं आधी एका दुपारी तिचा फोन आला. हे आतल्या खाटेवर पडले होते. मी स्पीकर लावून फोन त्यांच्या उशाशी ठेवला आणि चहा गाळायला लागले.

"बाबा, एक काम होतं."

"बोला, पायलटबाई."

"विमानात टॅबलेट बसवायचा हाय. नकाशा असते त्याच्यात, आपण कुठं पोचलो ते दिसते. काचेवर रबराच्या वाटीनं चिकटवला होता. उन्हानं वाटी सुटली अन् टॅबलेट पडला ना खाली, पेडलपाशी."

"मंग?"

"मंग काय, सर होते बाजूले, त्यांनी उचलला. एकटी असती तं पेडलच अडकलं असतं."

माझी गाळणी हातातच राहिली. हे मात्र उठून बसले. कितीतरी दिवसांत आधाराशिवाय उठून बसले नव्हते.

"लोखंडी पट्टी मारून देतो. चार स्क्रू."

"बाबा! विमान हाय ते, ऑटो नाई. एक भोक पाडलं तं सर मलेच स्क्रू मारतीन."

"बरं, मंग चुंबक. ट्रॅक्टरवाल्याइले मोबाईलसाठी देतो तसं."

"चुंबक तं बिलकुल नाई. त्याच्यानं कंपास भलतीकडंच दाखवते."

"चिकटवून?"

"तेबी नाई चालत."

हे थोडा वेळ दाढी खाजवत राहिले. "म्हणजे विमानाले हातच लावायचा नाई."

"नाई."

"मंग विमानाले कायले लावतो? तुलेच लावू."

ती हसायला लागली. पण ह्यांच्या डोक्यात तोवर वस्तू तयार झाली होती. बसल्यावर मांडीवर बांधायची एक चपटी गादी, तिच्यावर टॅबलेट, खालून पट्टा. ती म्हणाली, तसं मिळतं बाजारात, पण त्याच्या पट्ट्याचं टोक लोंबत राहतं आणि विमानाच्या दांड्यात अडकायची भीती वाटते. "लोंबत्या टोकाचं काम नाई," हे म्हणाले, "जेवढ्यास तेवढा करतो."

"मंग माप पाठवू का?"

"तुहं माप मले माहीत नाई का? माही मांडी तेच तुही मांडी. ठेव फोन."

दुसऱ्या दिवसापासून कापसाच्या हंगामाची गर्दी सुरू झाली. कापूस बाजारात न्यायचा म्हणून ट्रॅक्टरवाल्यांना सगळं कालच हवं असतं. मी पुढे दुकानात, हे मागे खाटेवर. एरवी आमच्याकडे मी कापते आणि हे शिवतात. ह्या कामात त्यांनी मला कात्रीसुद्धा लावू दिली नाही. थोडं काम करायचे, झोपायचे, उठून पुन्हा करायचे. तळाला पातळ ॲल्युमिनियमची पत्री, कडा कानशीने घासून. वर पातळ स्पंज. टॅबलेट उन्हात तापून बंद पडतो असं ती म्हणाली होती, म्हणून मागून हवा खेळायला ऑटोच्या सीटला लावतो ती जाळी. चार कोपऱ्यांना काळ्या रेक्झिनचे खिसे. पट्टा जाड कॅनव्हासचा. टोकाला वेल्क्रो, तेही तीन-चार बोटंच, म्हणजे बांधल्यावर काही उरायला नको.

"इलॅस्टिक घाला थोडं," मी म्हटलं.

"इलॅस्टिक उन्हानं ढिलं पडते. माह्यासारखं."

पट्ट्याचं माप त्यांनी घेतलं तेव्हा मी पुढे तलमडुगुच्या एका शेतकऱ्याशी घासाघीस करत होते. दारातून दिसत होतं. हे खाटेच्या कडेला नियमाप्रमाणे नीट बसले, पट्टा मांडीभोवती फिरवला, ओढला आणि खडूने रेघ मारली. मी पाहिलं आणि परत शेतकऱ्याकडे वळले. रोज पाहणाऱ्याला दिसत नाही. त्यांची पँट कमरेला सुतळीने बांधताना मला दिसत होती. मांडी मला दिसली नाही.

काम सुरेख झालं होतं. टाके एकसारखे, कोपरे गोल. त्यांनी ते स्वतःच्या मांडीवर बांधलं, वर टॅबलेट म्हणून माझा चपात्या लाटायचा पोळपाट ठेवला आणि पाय हलवून दाखवला. "हालते का?" हालत नव्हतं. कुरिअरवाल्याकडे मी स्वतः नेऊन दिलं.

पार्सल पोचलं त्या दिवशी तिचा फोन आला. त्यांच्या फोनवर नाही, माझ्या.

"आई, पट्टा पुरून नाई राह्यला."

"असं कसं?"

"वेल्क्रो वेल्क्रोपर्यंत पोचूनच नाई राह्यलं. चांगलं चार बोटं कमी पडते." मग विचारलं, "बाबानं माप कोणाचं घेतलं?"

मी सरळ सांगून बसले. "स्वतःचं."

तिच्या मागे कुठेतरी इंजिन चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

"चुकलं असंल," मी म्हटलं. "दवाई चालू हाय, झोप येते त्याइले."

"आई, बाबा मापात चुकते का कधी?"

इतकी वर्षं मी हाच वाद हरत आले होते.

"आई, किती बारीक झाले बाबा?"

मी म्हटलं, "तू तुहं काम कर." तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात ऑटो थांबला, तेव्हा ती त्यातून पाठीवरची पिशवी घेऊन उतरली.

हे खाटेवर होते. तिला पाहिल्यावर आधी त्यांनी पांघरूण मांड्यांवर ओढलं. मग माझ्याकडे असं पाहिलं की मी दार सोडून आत गेले नाही.

"कोणं सांगितलं हिले?"

"तुमीच सांगितलं," ती म्हणाली, आणि पिशवीतून ती गादी काढून त्यांच्यापुढे टाकली.

ती खाटेवर त्यांच्या शेजारी बसली, पट्टा स्वतःच्या मांडीभोवती फिरवला आणि दोन्ही टोकं हातात धरून दाखवली. मध्ये चार बोटांची फट. हे वाकून बघत राहिले. मग त्यांनी तो तिच्याकडून घेतला, पांघरूण बाजूला केलं आणि स्वतःच्या मांडीला बांधला. वेल्क्रो बरोबर बसलं. तिने ती मांडी पाहिली. पायजम्याचं कापड दोन्ही बाजूंना नुसतं पडलं होतं.

"माप बरोबर हाय," हे म्हणाले. "मांडी चुकली."

मुलगी रडली. मोठ्याने रडली. पुढे दुकानात एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी उद्या ये म्हणून सांगितलं आणि शटर अर्धं ओढलं. आत आले तेव्हा ती म्हणत होती, की ती आता जाणार नाही, इथेच थांबणार, विमान कुठे पळून जात नाही.

"इथं थांबून काय करशीन?" हे म्हणाले. "सीटा शिवशीन? टाका सरळ येते का तुले?"

"बाबा, मजाक नका करू."

"मजाक नाई करून राह्यलो. मले तुहं ते उडणं झालेलं आयकू येऊ दे. बाकी माह्यापाशी काई काम उरलं नाई." मग मला, "काऊन उभी हाय? पट्टा उसव. जोड द्यावा लागते."

मी म्हटलं नवीन पट्टा कापू. भार घेणाऱ्या पट्ट्यात जोड ठेवायचा नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पण कॅनव्हास त्याच कामात संपलं होतं, ह्यांनी तिला दुसऱ्या दिवशी परत पाठवायचं ठरवलं होतं आणि मी बाजारात जाऊन येईपर्यंत ह्यांच्यात बसण्याची ताकद राहिली नसती. उटनूरच्या एका जीपवाल्याच्या कामातून खाकी पट्टीचा तुकडा उरला होता. तोच घेतला.

आमचं जाड शिलाईचं मशीन अजून पायाचंच आहे. ह्यांना स्टुलावर बसवलं. हात चालत होते. पाय पायट्यावर ठेवला, पण पायटा खाली जाईना. मुलगी पुढे झाली तर म्हणाले, "तू तिथं बस. मांडी दे." ती समोर बसली आणि त्यांनी तिच्या मांडीवर बोटांनी माप घेतलं. शेवटी मी मशीनखाली जमिनीवर बसले आणि पायटा दोन्ही हातांनी दाबायला लागले. वरून ते म्हणायचे "चाल", मी दाबायची, "थांब", मी थांबायची. मला खालून फक्त त्यांचे पाय दिसत होते. पायांना सूज होती. मी ते पाय पाहत पायटा दाबत राहिले. वर काय शिवलं जातंय ते मला दिसलं नाही. नंतर पाहिलं, चौकोन आणि त्यात फुली, दोनदा फिरवलेली, जशी ट्रकच्या पट्ट्यांना घालतात.

ती दुसऱ्या दिवशी गेली. जाताना तिने त्यांच्या पायांना हात लावला तर म्हणाले, "पाय सोड, टॅबलेट सांभाळ." बस सुटेपर्यंत मी स्टँडवर थांबले. बसमधून ती हात हलवत नव्हती, नुसती बघत होती. मी घरी येऊन त्यांना पेज भरवली. दोन चमचे गेली.

त्यानंतर ते झपाट्याने खाली गेले. गोळीने दुखणं थांबायचं, पण मग बोलणं तुटक व्हायचं. दिवस कोणता, वेळ काय, ह्यात गोंधळ होई. एकच गोष्ट दिवसातून अनेकदा विचारायचे, "झालं का तिचं?" हवा खराब असली की तिथे उड्डाण पुढे जायचं. मी सांगायची, "नाई अजून, ढग हाय." ते डोळे मिटायचे. मला वाटायचं, ढग असेपर्यंत हे थांबतील. मग वाटायचं, किती दुखतंय ह्यांना, फाटू दे एकदाचे ढग. दोन्ही एकाच वेळी वाटायचं आणि मी दोन्ही वेळा उठून पुढे दुकानात जायची.

ज्या दिवशी ती उडाली, त्या दिवशी सकाळी तिने फक्त "निघते" एवढं कळवलं. मी त्यांना सांगितलं नाही. दिवसभर मी काय शिवलं मला आठवत नाही. एका ऑटोचं पाठीचं कव्हर उलटं शिवलं, ते नंतर उसवावं लागलं. ऊन कलल्यावर फोन वाजला. "आई, उतरली. सगळं झालं." तिचा श्वास लागला होता. "टॅबलेट?" मी विचारलं. "हालला नाई."

मी आत गेले. त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "झालं तिचं. उतरली."

डोळे उघडायला वेळ लागला. ओठ हलले ते मला कळलं नाही, म्हणून मी कान जवळ नेला.

"जोडावर उसवलं का?"

"नाई."

"मंग ठीक," म्हणाले.

ह्यानंतर ते मला काही बोलले नाहीत. पाणी हवं का म्हटलं तर मान हलवायचे. मुलगी आली तेव्हा तिचा हात धरून ठेवला, पण ओळखलं की नाही ते मी ठामपणे सांगणार नाही. लोक सांगतात ना, शेवटी सगळं समजतं म्हणून. मला माहीत नाही. पहाटे गेले. विहारात पुण्यानुमोदन झालं, आलेले लोक ह्यांच्या हाताच्या कामाबद्दल बोलले. दहा जणांनी सांगितलं की त्यांच्या गाडीची सीट अजून पहिलीच आहे. मी चहा देत होते.

चार-पाच महिन्यांनी मुलगी सुट्टीवर आली. परवान्याची कागदपत्रं दिली होती, वाट बघत होती. पिशवी उघडताना गादी बाहेर आली, ती मी हातात घेतली. त्यांचा टाका एकही सुटला नव्हता, पण फुलीच्या कडेने जुनं कॅनव्हास चिरत चाललं होतं. जोडाचं असंच होतं. दोरा तुटत नाही, बाजूचं कापड जातं.

"नवीन पट्टा लावते," मी म्हटलं.

"राहू दे ना, आई."

"पेडलपाशी पडला तं?"

मी पट्टा उसवला. उसवायला वेळ लागला, टाके फार घट्ट होते. जुना तुकडा तिने उचलला आणि घडी घालून खिशात टाकला. मी तिला त्यांच्या खाटेच्या कडेला बसवलं. ह्यांची टेप आता माझ्या गळ्यात असते. ती काढली आणि तिच्या मांडीभोवती फिरवली.

ह्यांच्या पँटचं मांडीचं माप शिंप्याला मीच सांगायची, इतकी वर्षं, तोंडपाठ. टेपेवर तोच आकडा आला. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. मी टेप तिथेच धरून बसले.

"आई, झालं का माप?"

"झालं," मी म्हटलं, आणि कात्री शोधायला लागले.